धूमकेतूची वाट आणि त्याचे तेज

2024 च्या सप्टेंबरअखेरीस त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू पहाटे पूर्वेला दिसू लागला, आणि ठरलेली तक्रारही आली: फोटोत आहे तसा तो दिसतच नाही. शेंडेनक्षत्र म्हणजे राजाचा मृत्यू आणि दुष्काळ, या भयावर आता शाई खर्चायला नको. ही नवी निराशा मात्र तपासून पाहावी अशी आहे. एक उत्तर सोपे आहे. कॅमेरा कित्येक सेकंद प्रकाश साठवतो, डोळ्याला ती सोय नाही. शिवाय वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या शिवारातून तो दिसायचा सूर्योदयाच्या जेमतेम अर्धा-पाऊण तास आधी, क्षितिजालगत. तिथली दाट हवा आणि फुटणारे तांबडे त्याचे निम्मे तेज गिळणारच. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजवरच्या दिव्यांना उगाच शिव्या देण्यात अर्थ नाही.

तक्रार करणारा एवढ्यावर गप्प बसत नाही. तो म्हणतो, शास्त्रज्ञच आधी गाजावाजा करतात. इथे धूमकेतूची वाट आणि त्याचे तेज वेगळे धरावे लागते. वाट मुख्यतः गुरुत्वाकर्षण ठरवते. तिचे गणित होते, चुकले तर दुरुस्तही होते. (सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त उज्जयिनीच्या मध्यरेषेवर वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम, बसवले आहे. प्रत्यक्षात ते अंशाहून थोडे अधिक पूर्वेला निघाले. बिघडले काहीच नाही, आणि वाशिमकरांचा अभिमानही शाबूत आहे.) तेज ठरते त्या गोळ्यातल्या बर्फावर, धुळीवर आणि उन्हात तो कसा उकलतो यावर. 1973 च्या कोहौटेक धूमकेतूकडून अपेक्षा अफाट होत्या, त्याने निराशा केली. त्या धसक्याने वेस्ट धूमकेतूची फारशी जाहिरात झाली नाही, आणि 1976 च्या मार्चमधल्या पहाटा त्यानेच उजळवल्या. त्सुचिनशान-ॲटलासबद्दल तर 2024 च्या जुलैमध्ये सेकानिना या जाणत्या संशोधकाने तो सूर्याजवळ पोचण्याआधीच विखुरेल असे मांडले होते. 27 सप्टेंबरला तो सूर्याला वळसा घालून धड निघाला. गाजावाजाचा आरोप करणाऱ्याने हे भाकीत कुठे बसवायचे?

पण हेच मान्य केले की तक्रारवाल्याला नुसते हसण्यावारी नेता येत नाही. तेज आधी सांगता येत नसेल, तर ते प्रत्येक पहाटे बघूनच नोंदवावे लागते, आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून धूमकेतूचे तेज ठरवण्याचे काम हौशी निरीक्षक आजही करतात. त्याला दुर्बीण लागतेच असे नाही. मग सोयाबीनच्या सोंगणीला पहाटेच निघालेल्या माणसाचे ‘फोटोइतका नव्हता’ हे बोलणेही निरीक्षणच ठरते, फक्त अर्धवट. तारीख, वेळ, आभाळ किती स्वच्छ होते आणि कोणत्या ताऱ्याहून तो फिका होता, एवढे त्यात यायला हवे.