नकाशाआधीची वाटणी

वडिलांच्या पश्चात जुन्या घरावर मजला चढवायचा ठरले की आपण गवंडी शोधतो, सिमेंट-सळईचा हिशेब मांडतो. पण खालची भिंत कोणाची? कर्ज व वसीयत वजा जाता एक मुलगा आणि दोन मुली एवढेच वारस असतील, तर सूरह अन-निसानुसार निम्मे घर मुलींचे ठरते. सामाईक घरावर भागीदाराच्या संमतीविना बांधकाम करणे शरीअतला मान्य नाही. “बहीण काही मागत नाही,” असे आपण म्हणतो. माहेर तुटेल या भीतीने ती गप्प असेल, तर त्या मौनाला संमती म्हणावे काय? (लग्नात घातलेले दागिने म्हणजे वारसाहक्क नव्हे.) आधी तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्यावा, मग तो ठेवणे, विकणे वा स्वखुशीने भावाला देणे हा तिचा अधिकार. गवंड्याला निरोप त्यानंतर धाडावा.