बाटली मिळाली, बाकडं नाही

दोस्तहो, दारू चांगली की वाईट हा वाद आज बाजूला ठेवू. सवाल वेगळा आहे. मालकाचा गल्ला भरावा म्हणून जो हक्क मिळतो, त्याला हक्क म्हणायचं का?

दक्षिण आफ्रिकेतली कॅसल लागर ही बिअर घ्या. १८८६ साली जोहान्सबर्गच्या जमिनीत सोनं सापडलं. सोन्यामागं मजूर आले, मजुरांमागं दारूवाले. १८९५ साली साऊथ आफ्रिकन ब्रुअरीज ही कंपनी निघाली. कॅसल तिचीच. खाणीत घाम गाळायचा काळ्यानं, पण १९२८ च्या दारू कायद्यानं ही बाटली त्याला बंद. का, तर म्हणे त्याला पेलत नाही!

मग काळ्यानं प्यायचं काय? त्यांच्या बाया ज्वारी-मक्याची बिअर घरी आंबवायच्या. चार पैसे मिळायचे, चूल पेटायची. १९०८ साली नाताळ प्रांतात कायदा झाला आणि डर्बनच्या नगरपालिकेनं हा धंदाच बळकावला. बायांनी केली तर गुन्हा, नगरपालिकेनं विकली तर महसूल. मजुरानं बिअर-हॉलात पैसे टाकायचे, आणि त्याच पैशातून त्याच्यावर नजर ठेवणारा कारभार चालायचा. म्हंजे आपल्याच घामाची आपल्यालाच बेडी. १९२९ साली डर्बनच्या मजुरांनी या हॉलांवर बहिष्कार टाकला. १९५९ साली काटो मॅनरच्या बाया काठ्या घेऊन हॉलात घुसल्या. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, पण घुसल्या.

१९६२ साली बंदी उठली. काळा माणूस हा माणूस आहे, हे सरकारला एका रात्रीत कळलं काय? नाय. चोरटी विक्री थांबत नव्हती आणि दारूधंद्याला मोठं गिऱ्हाईक हवं होतं. काळ्यानं दुकानातून बाटली घ्यावी, पण गोऱ्याच्या बारमध्ये त्याच्या शेजारी बसू नये. पैसा चालला, माणूस चालला नाही.

कुणी म्हणेल, मग असला हक्क फेकून द्या. मला ते पटत नाही. बंदी हा अपमान होता, तो गेला ते बरंच झालं. ज्या काळ्या मजुरानं पहिल्यांदा उघडपणे बाटली विकत घेतली, त्याला हसायचा अधिकार आपल्याला नाही. पण विकत घ्यायची मोकळीक म्हंजे समता नव्हे. समता ओळखायची कशी? शेजारी बसता येतं का, 'नको' म्हणता येतं का, आणि आपला पैसा कुठं जातो हे विचारता येतं का, यावरून.

१९७६ च्या जूनमध्ये सोवेटोची पोरं शाळेतल्या आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध उठली. त्यांनी सरकारी बिअर-हॉल आणि दारूची दुकानंही जाळली. शाळेला पैसा नाही आणि बिअर-हॉल भरलेले, हे त्यांना रोज दिसत होतं. बापाला मिळालेल्या मोकळिकीचा हिशेब पोरांनी मागितला.

१९९४ साली त्या देशात सगळ्यांना मत मिळालं. कॅसल आज सगळ्या देशाची बिअर म्हणून विकली जाते. तिची कंपनी मात्र २०१६ पासून एका परदेशी बड्या कंपनीच्या ताब्यात आहे. गिऱ्हाईक सगळे झाले, मालक मोजकेच राहिले.

म्हणून दोस्तहो, बंद दार उघडलं की आत जरूर जा. पण बसायला जागा कुठं आहे आणि गल्ल्यावर कोण बसलंय, हे विचारल्याशिवाय आभार मानू नका.