अमानत

केपटाउनच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये १९९४ पासून ‘डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम’ आहे. आत गेलो आणि आम्ही थबकलो. जमिनीवर अख्ख्या मोहल्ल्याचा नकाशा अंथरलेला. आपले घर जिथे होते तिथे जुन्या रहिवाशांनी स्वतःच्या हाताने नावे लिहिलेली. पाय कुठे ठेवावा, कळेना.

या वस्तीत मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू शेजारी-शेजारी राहत. कोकणातून गेलेली आपली माणसेही या शहरात जुनी. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ही वस्ती फक्त गोऱ्यांची ठरवली. पुढे १९८२ पर्यंत ६०,००० वर माणसे उठवून दूरच्या रेताड केप फ्लॅट्सवर टाकली गेली. घरांवर बुलडोझर फिरला; मशिदी आणि चर्चे तेवढी राहिली. उठवलेली माणसे जुम्म्याच्या नमाजला लांबून तिथेच येत राहिली. घर गेले, सफ मोडली नाही.

म्युझियममध्ये रस्त्यांच्या नावांच्या मूळ पाट्या टांगलेल्या आहेत. त्या जपल्या कोणी? पाडापाडीच्या कामावरच्याच एका गोऱ्या माणसाने. पाट्या नष्ट व्हायच्या होत्या. त्याने त्या घरी नेऊन ठेवल्या आणि वर्णभेदाची राजवट गेल्यावर म्युझियमच्या स्वाधीन केल्या.

या माणसाला काय म्हणावे? घरे पाडणारा की आठवण राखणारा? आम्हाला वाटते, दोन्ही. पाटी राखली म्हणून पाडलेले घर माफ होत नाही; आणि घर पाडले म्हणून पाटी राखल्याचे मोल नाकारता येत नाही.

अमानत नुसती सांभाळून भागत नाही, ती ज्याची त्याला परत करावी, अशी कुरआनची आज्ञा आहे. पाट्या परत आल्या. जमिनीचे काय? २००४ साली मंडेलांच्या हस्ते पहिल्या दोघा वृद्धांना घराच्या चाव्या मिळाल्या. बाकीचे कितीतरी वाट पाहता पाहता अल्लाला प्यारे झाले. म्हणजे म्युझियम हा न्याय नव्हे; तो पुरावा आहे. पुरावा जपला म्हणून निकाल लागत नाही, पण पुरावाच नसेल तर दावाही उभा राहत नाही.

आपल्याकडे घराघरांतल्या पेट्यांत मोडी, फारसी, उर्दू कागद पडून आहेत. सनदा, निकाहनामे, जमातीच्या वह्या. आम्ही त्यांना आमची मालमत्ता समजतो, म्हणून कुणाला दाखवत नाही. वाचता येत नाहीत, म्हणून उघडत नाही. वाळवीला मात्र भाषेची अडचण नसते. उद्या ते कागद गेले, तर बोट दाखवायला बुलडोझरही नसेल.