नाव, रथ आणि विद्यापीठ

एखाद्या संस्थेचे नाव बदलले म्हणजे ती संस्था बदलते काय, हा प्रश्न वरकरणी व्याकरणाचा किंवा फार तर कायद्याचा वाटतो. परंतु मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून १९७८ ते १९९४ या काळात जो संघर्ष झाला, त्यात माणसे मारली गेली आणि वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा त्याला निव्वळ शब्दाचा वाद म्हणून बाजूला सारता येत नाही. विलक्षण योग असा की, नाव आणि वस्तू यांच्या नात्याची बौद्ध वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध चर्चा ज्या दोघांमध्ये झाली, त्या दोघांचीही नावे हे विद्यापीठ ज्या नगरात आहे तेथीलच शिक्षणभूमीला दिलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय काढले ते मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाते, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मिळाले आणि भूमीला उत्तर देणाऱ्याचे, ही गोष्ट सहज दृष्टीआड होते.

मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक वंशाचा राजा मिनँडर; भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा प्रथम नाव विचारतो. भिक्खू सांगतो की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण तो केवळ व्यवहारातील शब्द आहे, त्या शब्दामागे कोणी स्वतंत्र पुरुष सापडत नाही. यावर राजाने घेतलेला आक्षेप नैतिक आहे. नागसेन नावाचा कोणीच नसेल, तर चीवर आणि भिक्षा कोण स्वीकारतो, शील कोण पाळतो, आणि उद्या कोणी तुमचा वध केला तर त्याला हत्येचे पाप लागणार नाही काय, असे तो विचारतो. नागसेन उत्तरादाखल राजाच्या रथाकडे बोट दाखवतो: ईषा म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, चाके नव्हेत, जू किंवा लगामही नव्हेत, या सर्वांहून निराळा असा रथही कुठे दिसत नाही, तरीही राजा रथातून आला हे खोटे नाही. अवयवांच्या विशिष्ट मांडणीवर आधारून लोकांनी रूढ केलेल्या अशा नावाला बौद्ध परिभाषेत ‘प्रज्ञप्ती’ म्हणतात, म्हणजे परस्परांना कळावे यासाठी केलेली योजना.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ मध्ये ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात जवळजवळ हाच दृष्टान्त विद्यापीठाच्या बाबतीत योजला. ऑक्सफर्डची महाविद्यालये, ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि कचेऱ्या पाहून झाल्यावर एक पाहुणा विचारतो की, हे सर्व पाहिले, पण विद्यापीठ कुठे आहे? राइलच्या मते हा कोटिप्रमाद होय, म्हणजे एका प्रकारच्या पदार्थाला दुसऱ्याच प्रकारात बसवण्याची चूक. नैयायिकांना मात्र हे उत्तर पुरेसे वाटले नसते, कारण त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’, म्हणजे अखंड पदार्थ, खरोखर अस्तित्वात असतो. मीमांसक त्याहून पुढे जाऊन शब्द आणि अर्थ यांचे नाते माणसाने ठरवलेले नसून स्वाभाविक आहे असे मानतात, तर नामदेवांपासून चालत आलेल्या वारकरी विचारात नाम आणि नामी यांत भेदच उरत नाही. ज्या प्रदेशात एकनाथांचे पैठण आहे, तेथील लोकांना नाव ही हलकी गोष्ट वाटावी अशी अपेक्षा करणेच चुकीचे ठरते.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते स्थापन झाले आणि एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातील उच्च शिक्षण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेले होते. म्हणजे पदवीची वाट दूरच्या राजधानीतून आणि घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेतून जात होती. त्यामुळे ‘मराठवाडा’ हे नाव त्या संस्थेला मिळाले तेव्हा त्यात १९४८ च्या मुक्तीची आणि दीर्घ उपेक्षेनंतर लाभलेल्या ओळखीची भावना होती, आणि ती भावना अस्सल होती. परंतु त्या नावाखाली येणाऱ्या माणसांमध्ये गावकुसाबाहेरचा समाज कितपत धरला जात होता, हा प्रश्न उरतोच. विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधीच त्या समाजाच्या मुलांसाठी नागसेनवनाचे दार उघडले होते, आणि म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांसारख्या अध्यापकांच्या सहवासात तेथे दलित साहित्याची एक मोठी फळी घडली. पानतावणे पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात आले आणि त्यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक लिहू पाहणाऱ्या कित्येकांचे पहिले व्यासपीठ ठरले. विद्यापीठाच्या बौद्धिक जीवनातील हा प्रवाह नाव बदलण्याच्या कितीतरी आधी वाहू लागला होता.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांमध्ये दलितांवर हल्ले झाले. ज्यांची घरे जळली त्यांतील बहुतेकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिलेली नव्हती. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपुराहून लाँग मार्च निघाला. तरीही अंमलबजावणीला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडला, आणि तेव्हाही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव करण्यात आले, म्हणून त्याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हटले गेले.

या काळात तटस्थपणे बोलणारे अनेक जण म्हणत की, नावाने शिक्षण बदलत नाही, मग आग्रह कशासाठी? हे विधान नागसेनाच्या उत्तराच्या पहिल्या अर्ध्या भागासारखे दिसते, पण दुसरा भाग त्यात नाही. नाव ही प्रज्ञप्ती आहे, म्हणजे ती लोकांच्या संमतीने चालते; म्हणूनच ती संमती देणाऱ्या लोकांत कोणाची गणना होते, हा खरा प्रश्न ठरतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे आणि शूद्राचे तिरस्कार सुचवणारे असावे असा दंडक आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अपमान नावातूनच सोसावा लागला, त्याला नाव म्हणजे केवळ शब्द असे ऐकवणे तत्त्वज्ञान नसून विस्मरण आहे. हा ग्रंथ १९२७ मध्ये महाडला जाळणाऱ्या पुरुषाचे नाव पदवीच्या कागदावर यावे, या मागणीचा अर्थ या पार्श्वभूमीवरच लागतो. मिलिंदाचा आक्षेपही येथे पुन्हा उभा राहतो: नावामागे कोणी नाहीच असे म्हटले, तर मारणाऱ्याला दोष कसा लावायचा? नागसेनाने रथ नाकारला नव्हता. रथातून आलेल्या माणसाच्या प्रवासाची जबाबदारीही नाकारली नव्हती.

सातत्याच्या प्रश्नाला नागसेनाने दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत तीच असते असे म्हणता येत नाही, वेगळी असेही म्हणता येत नाही. १९९४ हे वर्ष या दृष्टान्ताची कसोटीच होते. नावात भर पडल्यावर आठच महिन्यांनी, १७ सप्टेंबर रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, परभणी व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याकडे गेली. अवयवांच्या दृष्टीने पाहता हा बदल नावातील बदलापेक्षा कितीतरी मोठा होता, तरी जुने विद्यापीठ नष्ट झाले असे कोणी म्हटले नाही. आधी दिलेल्या पदव्या ग्राह्य राहिल्या, आणि त्यापूर्वी प्रवेश घेतलेल्या मुलांनी नव्या नावाची प्रमाणपत्रे घेतली. रथाचे अवयव असे निघून गेल्यावरही जो शांतपणा टिकला, तो दोन-तीन शब्दांच्या भरीने सोळा वर्षे ढळावा, यावरून विरोधाचे मूळ संस्थेच्या ऐक्याविषयीच्या काळजीत नव्हते असाच निष्कर्ष काढावा लागतो. ते मूळ जातीत होते.

विद्यापीठाच्या पाठीशी असलेल्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि विद्यापीठात पाली व बौद्ध विद्येचे अध्यापनही चालते, म्हणजे ज्या परंपरेने नावाची आसक्ती सोडायला शिकवले तिचा अभ्यास या नावाच्या छत्राखाली होतो. दरवर्षी १४ जानेवारीला प्रवेशद्वारापाशी अभिवादनासाठी माणसांची रीघ लागते, आणि त्यांत असे कितीतरी जण असतात की ज्यांचे नाव विद्यापीठाच्या कोणत्याही नोंदवहीत नाही. नागसेनाच्या गणनेप्रमाणे प्रवेशद्वार म्हणजे विद्यापीठ नव्हे, जशी ईषा म्हणजे रथ नव्हे. राइलच्या पाहुण्याला विभाग, ग्रंथालय आणि परीक्षा भवन दाखवणाऱ्याच्या यादीत ही माणसे येणार नाहीत. परंतु ज्या संमतीवर हे नाव उभे आहे ती सर्वांत जास्त किंमत मोजून त्यांनीच मिळवलेली आहे, आणि मुलांचे हात धरून ती त्या दारापाशी उभी असतात.