ठाण्याचे उदगीर, पेठेचे उदगीर

लातूर जिल्ह्यातील उदगीर हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण व्हावे की होऊ नये, या वादात दोन्ही पक्ष एकाच गृहीतावर उभे आहेत. मुख्यालय मिळाले नाही म्हणून गाव मागे पडले, असे मागणी करणारे म्हणतात. तालुक्याच्या गावाने एवढी अपेक्षा धरू नये, असे विरोध करणारे सुचवतात. आणि गावाला मोठेपण सरकारी दर्जाने येते, हे दोघेही न तपासता मान्य करतात. वादाचा उथळपणा नेमका या न तपासलेल्या समजुतीत आहे, कारण उदगीरचा इतिहासच तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

या इतिहासाचा उल्लेख निघाला की १७६० च्या लढाईपाशी येऊन थांबण्याची रीत पडली आहे. सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेला विजय, त्यातील इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि पुढच्याच वर्षीचे पानिपत हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या गावाचे नाव त्या विजयाला मिळाले त्या गावाच्या जडणघडणीत विजयाचा वाटा कोणता, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि विसाव्या शतकात हे गाव निजामाच्याच बीदर जिल्ह्यातील एक तालुका म्हणून नांदताना दिसते. तसेच मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकत्र ऐकू येतात म्हणून उदगिराला लघुभारत म्हणणे हे वर्णन आहे, स्पष्टीकरण नव्हे.

स्पष्टीकरण शोधायचे तर ठाणे आणि पेठ या दोन जुन्या शब्दांत भेद करणे आवश्यक ठरते. ठाणे म्हणजे सत्तेने बाहेरून येऊन बसवलेली जागा: किल्ला, तहसील, कचेरी. तिचा अधिकार वरून येतो आणि वरचा हुकूम बदलला की तो जातो. पेठ म्हणजे भोवतालच्या खेड्यांनी आपल्या गरजेतून उभी केलेली जागा: मोंढा, आडत, जनावरांचा बाजार, उधारीवर चालणारे विश्वासाचे व्यवहार. तिचा अधिकार खालून येतो, आणि माणसे यायची थांबली तरच तो संपतो. ठाण्यामुळे पेठेला संरक्षण मिळते, रस्ते मिळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही संरक्षण देणे वेगळे आणि जन्म देणे वेगळे.

मुख्यालयामुळे गाव वाढते, या मताचा सर्वात आवडता पुरावा लातूरचा असतो. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि शहराचा कायापालट झाला, असे सांगितले जाते. पण हा पुरावा नीट तपासला तर तो उलटाच पडतो. निजामी अमलात एके काळी लातूर हे औसा तालुक्यातील गाव होते. किल्ला औशाला, कचेरी औशाला, आणि व्यापार मात्र लातूरला. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आला तो मालाच्या ओढीने आला, दर्जाच्या ओढीने नव्हे, कारण जिल्ह्याचा दर्जा तेव्हा लातूरकडे नव्हता. म्हणजे जिल्ह्याने लातूर घडवले नाही. घडलेल्या लातुराला जिल्हा मिळाला. हाती दर्जा असूनही औसा औसाच राहिले. राष्ट्रकूटांच्या वैभवाची खूण असलेले कंधारही आज तालुक्याचे गाव आहे.

औसा आणि उदगीर हे दोन्ही किल्ले १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजांनी घेतले, म्हणजे ठाणी म्हणून दोघांची योग्यता जवळपास सारखीच. फरक असा की औशाची पेठ लातूरला वाढली, तर उदगिरात ठाणे आणि पेठ एकाच नावाखाली राहिली. त्यामुळेच जे पेठेने कमावले ते किल्ल्याच्या खात्यावर मांडण्याची चूक तेथे सहज होते.

१९४८ मध्ये निजामी राजवट संपली तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अहमदपूर आणि निलंग्यासह उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात. चौतीस वर्षांत ठाण्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला, तरी मोंढा जागचा हलला नाही. यावर असा आक्षेप येईल की पेठ एवढी समर्थ असेल तर ती लातूरच्या मागे का पडली. त्याचे उत्तर १९५६ च्या सीमारेषेत आहे: बीदर, भालकी, औराद हा उदगिराला लागलेला मुलूख दुसऱ्या राज्यात गेला, आणि शाळेची भाषा, कर, बाजार समित्यांचे कायदे निराळे झाले. ठाणे पेठेची वाट अडवू शकते, तिला घडवू शकत नाही. त्याच्या सामर्थ्याला असलेली ही मर्यादा वादात कधीच येत नाही.

देवणी गोवंशाचे उदाहरण या दृष्टीने फार मोलाचे आहे. पूर्वी उदगीर तालुक्यात असलेल्या देवणीचे नाव या जनावरांना मिळाले; स्थानिक गायींत गीर आणि डांगी रक्त मिसळून ती घडत गेली, आणि अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांवरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे त्यांचे प्रकार शेतकरी आजही ओळखतात. लातूर, नांदेड आणि बीदर या तिन्ही जिल्ह्यांत हा वंश पसरला आहे. तो कोणत्याही कचेरीने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यांत आणि बाजारांत झालेल्या निवडीने टिकवला. पशुवैद्यकीय महाविद्यालय उदगिरात आले ते जिल्हा नसतानाच.

जिल्ह्याची मागणी यामुळे खोटी ठरत नाही. दाखल्यासाठी वा दाव्यासाठी साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागणे हा गरिबावरचा खरा भार आहे आणि सोयीचा हा युक्तिवाद स्वतःच्या पायावर पुरेसा भक्कम आहे. त्याला अस्मितेचा आधार जोडला की मात्र गाव आपल्या कर्तृत्वाकडे याचकाच्या नजरेने पाहू लागते. किल्ल्याच्या बुरुजांची मोजमापे झाली, शिलालेख वाचले गेले. परंतु आडतीच्या जुन्या चोपड्या, जनावरांच्या खरेदीच्या पावत्या, सीमेपलीकडच्या कुळांची खाती रद्दीत जात आहेत. त्या चोपड्यांत कानडी मुलखातील शेतकऱ्याचे नाव मराठी व्यापाऱ्याने मोडीत किंवा देवनागरीत लिहिले असेल, तर उदगीरचा इतिहास त्या नोंदीपासून सुरू करावा लागेल. ठाण्याचा इतिहास दरबारी लेखनाने जपला आहे. पेठेचा इतिहास जपणारे दुसरे कोणी नाही, ते काम उदगीरकरांचेच आहे.