आकडे मांडणाऱ्यांची प्रार्थना

देवा, उद्या जगात माणसं किती असतील, हे आज सांगायचं काम आम्ही अंगावर घेतलं आहे. उद्याचं तूच जाणतोस. आमच्या हाती नुसता तक्ता. त्यात ० ते ४ वयाची पोरं एका ओळीत, ५ ते ९ची पुढच्या ओळीत. दर पाच वर्षांनी ओळ खाली सरकते, मृत्यूनं थोडी रोडावते. १५ ते ४९ वयाच्या बायकांच्या ओळींवरून नव्या बाळांचा हिशेब होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२४मध्ये अशीच बेरीज मांडली: आजचे आठशे कोटींहून अधिक लोक २०८०च्या दशकात सुमारे १,०३० कोटी होतील, मग हळूहळू ओसरतील.

या बेरजेचा गर्व आम्हाला होऊ देऊ नकोस. १९६८मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी बजावलं, की सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं अन्नावाचून मरतील. पंजाबात ठेंगण्या वाणाचा गहू डोलला आणि भाकीत हुकलं. पण भीती मागे उरली. आणीबाणीत आमच्याच देशात माणसं धरून नेऊन नसबंदी केली गेली. त्या भीतीपासून आम्हाला वाचव.

आता वारं फिरलं आहे. दक्षिण कोरियात २०२३मध्ये बाईमागे सरासरी एक मूलही उरलं नाही, आकडा ०.७२वर आला. २०१९-२१च्या पाहणीत भारतात तो २.०, महाराष्ट्रात १.७ होता. तरुण आयांची संख्याच मोठी, म्हणून देशाची लोकसंख्या अजून काही दशकं वाढेल. तरीही काल ‘दोन पुरेत’ म्हणणारे आज ‘आणखी एक होऊ द्या’ म्हणू लागले आहेत. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं? तुला न मानणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते तिला विचारूनच चालावं म्हणून. त्यांची ती बुद्धी आम्हाला दे.

आणि दयाळा, २०११नंतरची जनगणना आता होते आहे. पुढच्या सगळ्या अंदाजांचा पाया तीच. ऊसतोडीच्या फडावरची कोपी, पुलाखालचा संसार, परराज्यातून आलेल्या मजुराची खोली, यांतलं एकही माणूस मोजायचं राहू नये. आधी आज आहेत त्यांची नीट मोजदाद आमच्या हातून होऊ दे. उद्याचं भाकीत त्यानंतर.