पिंजऱ्यातील उंदीर

व्यसनाने संसार मोडलेल्या पेडगावच्या माउलीला प्रयोगशाळेतील उंदराची कणव कोठून यावी? तरीही प्रश्न टळत नाही. मानवी जीव वाचविण्यासाठी प्राण्यांवर मर्यादेत प्रयोग करण्यास ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिकवणीचा ग्रंथ मुभा देतो. निष्कारण यातना मात्र मानवी प्रतिष्ठेला बाधक मानतो. कॅनडात १९७० च्या दशकाअखेर ब्रूस अलेक्झांडर यांना दिसले की, एकटे कोंडलेले उंदीर मॉर्फिनचे पाणी अधिक पितात, कळपातील कमी. (पुढे सर्वांनाच तसे आढळले नाही.) उंदीर आपल्यासारखा एकाकीपणाने खचतो, म्हणूनच तो प्रयोगास उपयोगी, आणि म्हणूनच त्याला कोंडणे आम्हांस खुपते. औषध पारखण्यास प्राणी अपरिहार्य असेल, तर असो. माणसाला माणूस लागतो हे ठरविण्यासाठी आणखी उंदीर कोंडणे आम्हांस समर्थनीय वाटत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेले ‘मुक्तांगण’ माणसांच्या सोबतीवरच चालले; रुग्णांच्या पत्नींनाही तेथे आपले दुःख बोलण्यास जागा मिळाली.